साग, निंबारा, बाभूळ की अंजन? रोपाआधी जमीन बघा

दोन-चार एकर पडीक आहे, साग लावू का महोगनी, असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, पावसाळ्यात तिथं पाणी किती दिवस उभं राहतं? कारण पाऊसमानाचा आकडा सगळ्यांना माहीत असतो पण तीन फूट खाली काय आहे ते फार कमी जणांनी बघितलेलं असतं, आणि झाड जगतं ते तिथल्या भरवशावर.

आमच्याकडे यवतमाळ भागात एकाच शेताचे दोन तुकडे, वरचा उताराचा, खाली फुटलेला मुरूम, आणि खालचा नाल्याकाठचा भारी काळा. एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातल्या सागाच्या जड्या (शेंडा आणि बारीक मुळं छाटलेली रोपं) पहारीनं भोकं पाडून दोन्हीकडं लावल्या. खालची जमीन कसदार म्हणून आम्हाला तिचीच जास्त आशा होती. श्रावणात खालच्या तुकड्यातल्या झाडांची पानं पिवळी पडायला लागली, एक जडी उपटून बघितली तर मुळाची साल बोटानं सरकत होती आणि कुजका वास येत होता. वरची झाडं आजही उभी आहेत. तेव्हा कळलं की कापसाला चांगली ती सागाला चांगली असं काही नसतं.

सागाला खोल, निचऱ्याची, सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा) साधारण ६.५ ते ७.५ असलेली जमीन हवी, चुना थोडा असलेला त्याला आवडतो पण चुनखडीचा थरच लागला तर तो थांबतो. पाऊस १२०० मिमीच्या वर आणि मग तीन-चार महिने कोरडे, म्हणजे आलापल्ली, बल्लारशाहचा पट्टा. अयोध्येच्या राम मंदिराला २०२३ मध्ये सागवान चंद्रपूरहून गेलं ते उगाच नाही. कमी पावसात ठिबकवर साग वाढतो, जोमानं वाढतो, पण कोवळ्या झाडात पांढरं लाकूड जास्त आणि पक्का गाभा कमी, दर मात्र गाभ्याला आणि गोलाईला मिळतो, त्यामुळे बारा-पंधरा वर्षांत लाखोंचा हिशोब कोणी कागदावर मांडून दाखवला तर मी तरी तो मानत नाही.

लवकर पैसा हवा असेल तर निंबारा (मेलिया डुबिया म्हणून विकतात तो) सहा-आठ वर्षांत प्लायवूडला जातो. पण त्यालाही निचरा आणि खोली लागतेच, पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागतं, आणि कारखाना लांब असला तर भाड्यातच पैसे जातात, म्हणून रोपं घ्यायच्या आधी गिऱ्हाईक शोधा. महोगनीला शेंडा पोखरणारी अळी लागते, शेंडा गेला की फांद्या फुटतात आणि सरळ खोड मिळत नाही, हे विकणारा सांगत नाही.

मग भारी काळ्या जमिनीत काय? आपली बाभूळ! उन्हाळ्यात भेगा पडोत, पावसाळ्यात काही दिवस पाणी साचो, ती तग धरते, थोड्याफार चोपण (खारवट, घट्ट बसणाऱ्या) जमिनीतही येते. बैलगाडीची चाकं, औतं याच लाकडाची व्हायची, शेंगा शेळ्यांना, आणि मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. दर सागाचा नाही हे खरं, काटे आहेत आणि सावलीत पीक बसतं, म्हणून बांधावर आणि पाणी धरणाऱ्या चिबड कोपऱ्यात लावा. पण साग मेलेल्या जागी बाभूळ उभी राहते आणि मला तिच्याबद्दल मनापासून प्रेम आहे.

याच्या उलट टोकाला खानदेशातल्यासारखी खडकाळ बरड, पाऊस ५००-६०० मिमी. तिथं अंजन. मुळं खडकाच्या फटीत शिरतात, लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, पाला जनावरांना. वाढ मात्र फार हळू, ते नातवंडांसाठीच लावायचं झाड.

कोकणात गणित वेगळं, पाऊस भरपूर पण जांभ्याची आम्ल माती. दरीत, उतारावर माती खोल असेल तर साग छान येतो, कातळावर नाही. तिथं ऑस्ट्रेलियन बाभूळ पटकन वाढते पण तिच्याखाली गवतसुद्धा नीट उगवत नाही, मी तरी खैर लावीन, हलक्या जमिनीत येतो आणि चिपळूण-सावर्डे भागात कातासाठी मागणी आहे. सुबाभूळ मात्र आम्ल मातीत रुसते, तिला देशावरची चुन्याची जमीन मानवते.

तर मे महिन्यात शेताच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तीन-तीन फुटांचे खड्डे घ्या, कुठं मुरूम, कुठं चुनखडी, कुठं चिकण लागते बघा, माती परीक्षणात सामू आणि मुक्त चुना काढून घ्या. एकाच शेतात दोन जाती लावायची वेळ आली तरी हरकत नाही. झाडांची नोंद सातबारावर करून घ्या, साग तोडताना परवानगी लागते तेव्हा ती कामी येते. जडी घेताना अंगठ्याएवढी जाड, नखानं खरवडल्यावर आत ओलसर असलेलीच उचला, सुकलेली स्वस्त मिळाली तरी नको, आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावा.