देशी ब्रेक-बॅरल एअर रायफल: कुठला खर्च कामाला आला, कुठला नाही

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं आणि आमच्या ओळखीत ‘पॉइंट टू-टू’ची, म्हणजे .२२ इंची नळीच्या काडतुसाच्या रायफलची, चौकशी एकदम वाढली. पण तिला शस्त्रपरवाना लागतो. शिवाय तिचं रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोकून पेटणारं) काडतूस पुन्हा भरता येत नाही, म्हणजे प्रत्येक बार नव्या पैशाचा. हौसेला .१७७ इंची नळीची, हवेच्या दाबानं छर्रा फेकणारी एअर रायफल पुरते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूल ऊर्जेच्या आतल्या .१७७ ला परवाना लागत नाही. मी साधी स्प्रिंगवाली ब्रेक-बॅरल घेतली: नळी खाली दुमडली की आतली स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर ओढला की ती पिस्टन ढकलते आणि दाबलेली हवा छर्रा फेकते. सोलापूरचा उन्हाळा आणि पाठोपाठचा पावसाळा तिनं पाहिला, आता बोलायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला छर्र्यांनी. दुकानातल्या स्वस्त डब्यातले छर्रे हातात घेऊन बघा, काहींचा घागरा (मागची पोकळ, पसरट कड) चेपलेला असतो. तेच नळीत घालायचे आणि रायफलला नावं ठेवायची! जेएसबी कंपनीचे ८.४४ ग्रेन वजनाचे (अर्ध्या ग्रॅमच्या आसपास) छर्रे आणल्यावर मंद्रूपकडच्या शेतात २५ मीटरवरचे फटके एका नाण्याखाली झाकायला लागले. रायफल तीच, हातही तेच. कागदी टार्गेटवर १० मीटरला खेळायचं असेल तर चपट्या डोक्याचे घ्या, भोक स्वच्छ पडतं. लांबवर मात्र गोल डोक्याचेच.

मग स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. स्प्रिंगवाली रायफल आधी मागे धक्का देते आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे. हा दुहेरी हिसका साध्या स्कोपला सोसत नाही, आतली काचच ढिली होते. एअरगनसाठी बनवलेलाच घ्यावा, आणि पुढच्या काचेवर पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) १० यार्डांपर्यंत जुळवता येणारा. रायफलच्या पाठीवरच्या ११ मिमीच्या रेलवर (खाचेच्या पट्टीवर) स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा लावल्या तर स्कोप हळूहळू मागे सरकत जातो. स्टॉप पिनवाला (सरकणं अडवणाऱ्या खिळीचा) अखंड माउंट बसवल्यापासून ती कटकट गेली.

स्कोप आला की डोळा वर जातो आणि गाल स्टॉकवरून (रायफलच्या दस्त्यावरून) उचलला जातो. गाल उंचावणारी तयार गादी, चीक रायझर, महाग वाटली. जुन्या सोलापुरी चादरीची घडी करून वर चामड्याचा पट्टा शिवून घेतला. दिसायला गावठी आहे, पण मान अवघडत नाही. चादरीच्या उरलेल्या चिंध्या टार्गेटमागच्या पेटीत ठासल्या, मागे लोखंडी पत्रा लावला. छर्रे अडवायला तेवढं बास.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की नेम थोडा हलतो, म्हणून मी सकाळीच जातो. रायफल तळहातावर नुसती टेकवायची, आवळायची नाही. आवळली की तिचा हिसका दर वेळी वेगळा लागतो. पिस्टन जिथे हवा दाबतो त्या चेंबरमध्ये तेल ओतू नका, दाबानं पेट घेतं, धूर निघतो आणि सील जातं.

‘जड स्प्रिंग टाक की बे, पॉवर वाढंल,’ हा सल्ला सोलापुरात फुकट मिळतो. हिशोब करा: ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ८०० फुटांनी गेला तर ऊर्जा साधारण १६ ज्यूल. ८९० च्या आसपास २० ज्यूल गाठतात, म्हणजे तिथून पुढे तुम्ही परवान्याच्या हद्दीत. आणि मिळतं काय? जास्त हिसका, जास्त पसरलेले फटके. पॉवर कशाला हवी असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर होले-पारवे असतं. त्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा दाखवावा आणि विषय मिटवावा.

ट्रिगर जड आहे, खरं. तरी हलका करून घेतलेला नाही आणि घेणारही नाही. छर्रा घालताना नळी खाली दुमडलेली असते, बोटं तिच्या मागच्या तोंडाशीच असतात. सिअर (ताणलेली स्प्रिंग अडवून धरणारा खटका) घासून पातळ केला आणि नेमका तेव्हाच घसरला, तर नळी फाडकन वर येऊन बोटांवर मिटते. ट्रिगरची सवय होते. माझ्या बोटाला पावसाळ्यापर्यंत झाली.