मोटिफ एक्सएफचे जुने आवाज मोडेक्स७ वर: आठ महिन्यांचा अनुभव

हे लिहायला बसले, त्याला कारण एक ईमेल. मोटिफ एक्सएफ या यामाहाच्या जुन्या कीबोर्डसाठी मी पूर्वी पाच साऊंड लायब्ररी, म्हणजे तयार आवाजांचे संच, विकत घेतल्या होत्या, रीतसर पैसे मोजून. यामाहाचाच नंतरचा कीबोर्ड मोडेक्स७, तोही वापरलेला, घरात आल्यावर त्यातल्या एका लायब्ररीच्या विक्रेत्याला विचारलं, की नव्या कीबोर्डसाठीची फाइल मिळेल का. उत्तर आलं, जुनी फाइल नव्या मॉडेलवर चालत नाही, नवी आवृत्ती पूर्ण किमतीला घ्यावी लागेल. मी पावती जोडून परत लिहिलं. तेच उत्तर परत आलं. तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही.

जुनी फाइल चालते. हे सगळ्यात आधी सांगते, कारण कुणीतरी याच क्षणी तेच आवाज दुसऱ्यांदा विकत घ्यायच्या बेतात असेल. एक्सएफची ‘एक्स३ए’ फाइल (नावाचा शेवट X3A असलेली) पेन ड्राइव्हवर टाका, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, मोडेक्सच्या युटिलिटी मेन्यूत जाऊन कंटेंट्समधून लोड करा. बस्स. कन्व्हर्टर नको, कॉम्प्युटर नको. मी त्या रात्री पहिली लायब्ररी लोड केली आणि जुना इलेक्ट्रिक पियानो वाजला, तेव्हा विक्रेत्यावरचा राग आणि आवाज परत मिळाल्याचा आनंद, दोन्ही एकदमच आले.

हे होतं कसं, तर दोन्ही यंत्रांचा पाया एकच आहे. एक्सएफ २०१० चा, त्यात ७४१ एमबीची वेव्ह मेमरी. मोडेक्स २०१८ चा, त्यात ५.६७ जीबीची, आणि या मोठ्या साठ्यात एक्सएफचे मूळ वेव्हफॉर्म, म्हणजे ज्यांवर आवाज बांधले जातात ते ध्वनीचे नमुने, आहेत. त्यामुळे फॅक्टरीच्या वेव्हवर बांधलेली जुनी व्हॉइस (एक्सएफमधला एक तयार आवाज) इथे आपलं जुनंच साहित्य शोधून घेते. बाहेरचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, वापरले असतील तर ते फाइलमधून येतात. एक्सएफच्या एका व्हॉइसमध्ये आठ एलिमेंट (आवाजाचे थर), मोडेक्सच्या एका पार्टमध्येही आठ, म्हणून एक व्हॉइस सरळ एका पार्टमध्ये बसते आणि एका पार्टचा परफॉर्मन्स (मोडेक्समध्ये निवडून वाजवायचा, एक किंवा अनेक पार्टचा आवाज) म्हणून यादीत दिसते.

आता माझी चूक, जी तुम्ही करू नका. लोड करताना फाइल युजरमध्ये (जिथे आपण स्वतः बनवलेले आवाज राहतात) टाकायची की वेगळी लायब्ररी म्हणून, हे निवडावं लागतं. दुसऱ्या फाइलच्या वेळी मी घाईत युजर निवडलं. युजरमध्ये टाकलेली फाइल आधीच्या युजर बँकेवर लिहिली जाते. तीन आठवडे बसून तयार केलेले माझे सगळे परफॉर्मन्स गेले. बॅकअप अकरा दिवस जुना होता. त्या रात्री मी पुन्हा कीबोर्डला हात लावला नाही. तेव्हापासून नियम एकच: जुनी फाइल नेहमी लायब्ररी म्हणून, आणि लोड करण्याआधी युजरची ‘एक्स८यू’ फाइल दोन पेन ड्राइव्हवर. लायब्ररीला फाइलचंच नाव लागतं, म्हणून लोड करण्याआधी फाइलला धड नाव द्या. ‘नवीन२’ असं नाव दिलंत तर कॅटेगरी सर्चमध्ये तेच बघत बसावं लागतं.

पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत होते, की आवाज येतात पण पातळ येतात. पियानोला वरची चमक नाही, स्ट्रिंग्जना खालची भर नाही. हेडफोन बदलले, स्पीकर बदलले, नवा कीबोर्डच कमी दर्जाचा, इथपर्यंत पोचले होते. ते मत मी इथे मागे घेते. दोन कीबोर्ड शेजारी ठेवून एकच व्हॉइस आलटूनपालटून वाजवली, मग एक्सएफची एकेक सेटिंग शून्यावर आणत गेले. कारण सापडलं युटिलिटीत. एक्सएफच्या व्हॉइस मोडचा मास्टर ईक्यू (आवाजातला वरचा-खालचा भाग कमीजास्त करणारी सोय) आणि मास्टर इफेक्ट व्हॉइसमध्ये साठवला जात नाही, तो युटिलिटीत असतो आणि सगळ्या व्हॉइसना एकदम लागतो. मी कधीतरी वरचं आणि खालचं थोडं वाढवून ठेवलं होतं आणि विसरून गेले होते. इतकी वर्षं ज्याला मी ‘एक्सएफचा आवाज’ म्हणत होते, त्यातला बराचसा भाग माझ्याच त्या सेटिंगचा होता. व्हॉइस नव्या यंत्रात गेली, ईक्यू मागे राहिला.

मोडेक्समध्ये मास्टर ईक्यू प्रत्येक परफॉर्मन्सबरोबर साठवला जातो. एकेक आवाज उघडून पाच बँडचा तोच ईक्यू लावला आणि फरक जवळजवळ मिटला. जवळजवळच म्हणते, कारण पियानोच्या मधल्या दोन सप्तकांत मला अजून काहीतरी वेगळं ऐकू येतं. पण डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर मी पैज लावणार नाही.

रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या इफेक्टचा, प्रकार असाच, पण तो सुटायला सोपा. एकटा परफॉर्मन्स वाजवला तर जुना रिव्हर्ब बरोबर येतो. तोच आवाज दुसऱ्या परफॉर्मन्समध्ये लेअर म्हणून (दुसऱ्या आवाजासोबत वाजेल असा) जोडला, की त्याचे स्वतःचे इन्सर्ट इफेक्ट सोबत येतात, रिव्हर्ब आणि व्हेरिएशन हे सामायिक इफेक्ट मात्र यजमान परफॉर्मन्सचे लागतात. सोलोत सुंदर वाटणारी व्हॉइस लेअरमध्ये कोरडी का वाटते, याचं उत्तर हे. एक्सएफमधले चार पार्टचे परफॉर्मन्स आणि गाण्यांची मिक्सिंग येत नाहीत, व्हॉइस तेवढ्या येतात. माझे सगळे स्प्लिट (पट्ट्यांच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळे आवाज) मला हाताने पुन्हा बांधावे लागले. रविवारमागून रविवार गेले त्यात. तक्रार नाही, कारण बांधताना निम्मे स्प्लिट निकामी असल्याचं कळलं आणि काढून टाकले.

आता आफ्टरटच, म्हणजे वाजवलेली पट्टी आणखी दाबली की आवाज बदलतो ती सोय. यावर मी इतरांपेक्षा फार जास्त लिहिणार आहे, ज्यांना पियानो आणि ऑर्गनच वाजवायचा आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

मोडेक्सच्या पट्ट्यांना आफ्टरटच नाही. छापील माहितीत हे स्पष्ट आहे, घेताना मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, की आपण आफ्टरटच वापरतो तरी किती. उत्तर मला आयात केल्यावर मिळालं. माझ्या पाच लायब्ररींतल्या सोलो चेलो, सोलो व्हायोलिन, बासरी आणि ब्रासच्या व्हॉइस निर्जीव वाटायला लागल्या. आवाज तोच, सॅम्पल तेच, पण सूर धरून ठेवला की तो तसाच सरळ राहायचा. आधी पट्टी जरा दाबली की कंप यायचा, आणखी दाबली की तो गडद व्हायचा. ते मी कधी ‘करत’ नव्हते, बोट आपोआप करत होतं. म्हणून घेताना ते हिशेबात आलंच नाही.

कंट्रोल असाइनमध्ये जाऊन पाहिलं तर आयात केलेल्या व्हॉइसमध्ये आफ्टरटच हा स्रोत जसाच्या तसा होता. म्हणजे फाइलने काही हरवलं नव्हतं. व्हॉइस दाबाची वाट बघत बसली होती आणि पट्टी दाब पाठवतच नव्हती. हे समजल्यावर मला फार वाईट वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

उपाय म्हणजे स्रोत बदलायचा. मी आधी मॉड्युलेशन व्हील निवडलं. कंप आला, पण डावा हात कॉर्डमधून काढावा लागतो, आणि दोन्ही हातांनी वाजवायच्या गाण्यात ते शक्य नाही. मग असाइन १ बटण लावून पाहिलं. ते चालू किंवा बंद एवढंच जाणतं, कंप एकदम सुरू होतो, खोटा वाटतो. शेवटी फूट कंट्रोलर. स्रोत फूट कंट्रोलर, लक्ष्य पिच एलएफओची (सुराला कंप देणाऱ्या भागाची) खोली, आणि वक्र असा निवडला की पेडलच्या पहिल्या निम्म्या प्रवासात जवळजवळ काहीच होत नाही आणि मग हळूहळू वाढतं. रेशो, म्हणजे परिणामाचं प्रमाण, अगदी कमी. चेलोच्या पहिल्या व्हॉइसला मी सलग चार संध्याकाळी दिल्या. पायाला बोटाइतकं कळत नाही, पण सव्वा महिन्यात पाय शिकला. आता चेलोचा लांब सूर धरल्यावर पाय आपोआप झुकतो.

सगळ्या आयात केलेल्या व्हॉइस मिळून चारशेच्या वर आहेत. त्यात आफ्टरटचवर खरोखर अवलंबून असलेल्या मी मोजल्या, तेवीस. एकवीस बदलल्या. राहिल्या दोन: एक बासरी, जिच्यात दाबाने कंप आणि फुंकरीचा आवाज एकत्र वाढतो, आणि एक सोलो व्हायोलिन. या दोन्हींत दाब एकाच वेळी इतक्या ठिकाणी जातो, की पायाने ते साधत नाही. दोन्हींवर प्रत्येकी आठवडा घालवला आहे.

एक्सएफची असाइन फंक्शनची दोन बटणं मात्र बिनबोभाट आली. त्या बटणांवर एलिमेंट बदलणाऱ्या व्हॉइस, म्हणजे गिटारचा हार्मोनिक किंवा स्ट्रिंग्जचा पिझिकाटो, मोडेक्सच्या असाइन १ आणि २ वर पहिल्या दिवसापासून बरोबर चालतात.

जागेचा हिशेब. एक्सएफमध्ये बाहेरचे सॅम्पल कायमचे ठेवायला फ्लॅश बोर्ड वेगळे विकत घ्यावे लागत. अंगची १२८ एमबी मेमरी वीज बंद झाली की रिकामी. माझ्याकडे एक १०२४ एमबीचा आणि एक ५१२ चा बोर्ड होता, दोन्ही तेव्हा जिवावर आलं होतं. मोडेक्समध्ये १ जीबी फ्लॅश आतच आहे, आणि ती जाग्यावर राहते. बोर्डाचे पैसे वाचतात, पण माझ्यासारखीला जागा कमी पडते. चार लायब्ररी बसल्या, पाचवीला जागा नाही.

यावरची युक्ती उपयोगी आहे. लायब्ररी इम्पोर्ट नावाचा पर्याय आहे, त्यातून लायब्ररीतले हवे तेवढेच परफॉर्मन्स युजरमध्ये आणता येतात, लागणाऱ्या वेव्हफॉर्मसकट. मग मूळ लायब्ररी पुसायची आणि युजरमध्ये उरलेलं स्वतःच्या नावाची नवी लायब्ररी म्हणून पेन ड्राइव्हवर सेव्ह करायचं. मी पाच लायब्ररींची मिळून एकच बनवली. एका ब्रास लायब्ररीत नव्वद आवाज होते, मी वाजवते अकरा. बाकीच्यांसाठी इतकी वर्षं मी बोर्डावर जागा अडवून ठेवली होती.

आणि आता ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती ते. माझ्याकडे यामाहाच्या डीएक्स७ या जुन्या सिंथच्या बँकांच्या काही सिसेक्स फाइली (आवाजांच्या सेटिंगचे आकडे साठवलेल्या) पडून होत्या. एक बँक म्हणजे ३२ आवाज, फाइलचा आकार ४१०४ बाइट. फोनमधल्या एका फोटोच्या हजाराव्या भागाएवढ्या फाइलीत बत्तीस वाद्यं! यामाहाच्या सिंथच्या संकेतस्थळावर एफएम कन्व्हर्टर आहे, त्यात ही फाइल टाकली की लायब्ररी मिळते. डीएक्स७ मध्ये सहा ऑपरेटर (ध्वनी घडवणारे घटक) आणि ३२ अल्गोरिदम (ते घटक एकमेकांना जोडायच्या रचना), मोडेक्सच्या एफएम-एक्स इंजिनात आठ ऑपरेटर आणि ८८ अल्गोरिदम, त्यामुळे १९८३ च्या यंत्राचे आवाज आरामात सामावतात. हे सॅम्पल नाहीत, तेच आकडे नव्या इंजिनात पुन्हा आवाज घडवतात. फ्लॅशमधली जागाही खात नाहीत. माझ्यासारख्या काटकसरी माणसाला यापरतं सुख नाही.

एक सूचना: आवाज जोरात वाजवल्यावर कर्कश वाटले तर कन्व्हर्टरला दोष देऊ नका. पहिल्या डीएक्स७ चा कीबोर्ड साधारण १०० च्या वर व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात वाजवली त्याचा आकडा) पाठवतच नसे, आणि ते आवाज त्याच मर्यादेत बसून बनवले गेले. मोडेक्स १२७ पर्यंत जातो. मी त्या परफॉर्मन्सची व्हेलॉसिटीची संवेदनशीलता थोडी कमी केली, आणि घंटेसारखा तो इलेक्ट्रिक पियानो जसा आठवत होता तसा झाला.

ज्या विक्रेत्याने पूर्ण किंमत मागितली, त्याच्याकडून मी पुढे काही घेतलं नाही आणि घेणारही नाही. त्याची जुनी फाइल गेले आठ महिने माझ्याकडे उत्तम चालते आहे. तुमच्याकडे जुनी ‘एक्स३ए’ फाइल असेल तर आधी ती लोड करून बघा, मग पैशाचं बोला.

राहिला एक्सएफ. मोडेक्ससाठी गेलेले पैसे थोडे तरी भरून निघावेत म्हणून तो विकायचा हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. गेल्या महिन्यात एक जण बघायलाही आले. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी सहज एक्सएफच्या मिडी आऊटमधून मोडेक्सच्या मिडी इनला केबल लावली, चॅनेल जुळवलं आणि मोडेक्सवर ती राहिलेली बासरी निवडली. एक्सएफची पट्टी दाबली. कंप आला, मागून फुंकर आली. मोडेक्सच्या पट्ट्या दाब पाठवत नाहीत, पण बाहेरून आलेला दाब त्याचं इंजिन नीट ऐकतं.

आलेल्या माणसाची मी माफी मागितली. एक्सएफ आता मोडेक्सच्या खालच्या स्टँडवर आहे, त्या दोन व्हॉइससाठी.