ओलीची दुरुस्ती: ८ महिन्यांनंतर, आणि सगळं खापर बाथरूमच्या सांडपाण्याच्या जाळीच्या फटीवर

बाथरूमला चिकटलेली बेडरूमची भिंत. घरमालकाकडून दोनदा काम: आधी पुट्टी-रंग, मग फरशीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण).

पुट्टी-रंगाला शून्य गुण. सहा आठवड्यांत स्कर्टिंगवर वीतभर उंचीला तोच फुगवटा. नखाने टोचला की आतून पांढरी भुकटी. हा लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं, वाळतं, क्षार मागे राहून रंग उचलतात. तरी मिस्त्रीला काय बोलणार? 'भिंत खराब झालीय, रंग मारून द्या' असा मेसेज गेला की मालक रंगच मारणार, त्यालाही तेच स्वस्त. मागायचं ते पाण्याचं मूळ. ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ, शेजारी तारीख, फोटोत मोजपट्टी. दर आठवड्याला नवी रेघ. रेघा वर सरकताना दिसल्या की 'हवेतला दमटपणा' हे उत्तर टिकत नाही.

इपॉक्सीला चौथ्या महिन्यापर्यंत पैकीच्या पैकी गुण होते. जुना ग्राउट नुसता झाकला नव्हता, खरवडून काढला होता. सांधे काळे पडत नाहीत, पाणी पीत नाहीत. आता गुण निम्मे. ओल परतली, पण जाळीच्या बाजूलाच.

कारण जाळीखालच्या नहाणी ट्रॅपची, म्हणजे सांडपाणी पाइपात नेणाऱ्या प्लास्टिकच्या भांड्याची, मान. प्लास्टिकच्या मानेभोवती व्हाइट सिमेंट भरतात. ते प्लास्टिकला धरत नाही, केसाएवढी गोल फट पडते. फरशी कितीही नवी करा, पाणी या फटीतून खाली उतरतं आणि भिंतीला लागतं.

आणि फरशीवर पाणी साठवून चाचणी करतानाही ही फट निसटते, कारण कापडाचा बोळा जाळीच्या तोंडाशीच कोंबतात. चाचणी दोनदा हवी. पहिल्यांदा तोंड वरून बुजवून, दुसऱ्यांदा बोळा मानेच्या खालपर्यंत उतरवून. दोन्ही वेळा उंच कोपऱ्यातही २ सेंमी पाणी, भिंतीवर खूण, २४ तास. शेजारी पाण्याने भरलेला मग ठेवा, म्हणजे वाफेने किती गेलं ते वजा करता येतं. पाणी फक्त दुसऱ्या वेळी उतरलं, तर दोष मानेचाच. (त्याआधी रात्रभर नळ आणि फ्लशचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा कॉक) बंद ठेवून पाण्याचा मीटर बघा, आकडा पुढे गेला तर गळती नळाला पाणी आणणाऱ्या दाबाच्या पाइपची, पुढचं सगळं नंतर.)

म्हणून मालकाला आता नेमकं लिहायचं: जाळीभोवतीच्या फरश्या काढा, मान पॉलिशपेपरने खरखरीत करा, भोवती पॉलियुरेथेन सीलंट, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मानेच्या आत वळवून, वाळल्यावर पुन्हा पाण्याची चाचणी, मगच फरशी. काम तळहाताएवढ्या जागेचं, पण मिस्त्री 'वरून सिलिकॉन मारतो' म्हणेल. नको म्हणा, ओल्या, साबणाळ जागेवर सिलिकॉन सालीसारखं निघतं.

यानंतर मालक लगेच रंगारी पाठवेल, त्यालाही थांबवा. विटांची भिंत ढोबळमानाने महिन्याला २५ मिमी जाडी या वेगाने वाळते. पूर्ण वाळेपर्यंत गिलावा उघडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने पुसायचा नाही. पुसला की परत आत मुरतो.