चाळीस तास वाजवा, मग आवाज खुलेल

चार ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले उंच स्वर काढणारे छोटे भाग, मी स्वतःहून ते सुधारून देणाऱ्या एका माणसाकडे पाठवले, हे आधीच कबूल करतो. गळ कोणी घातली नव्हती. घरी बनवलेल्या स्पीकरच्या दोन जोड्या होत्या, एक माझी आणि एक मित्राची. वूफर, म्हणजे खालचे स्वर काढणारे मोठे भाग, बरे होते, खोकी महिनाभर खपून बनवलेली. ट्वीटर मात्र स्वस्तातले, २५ मिलिमीटरच्या कापडी डोमचे, म्हणजे घुमटासारख्या पडद्याचे. झांज वाजली की कानात टाचणी गेल्यासारखं व्हायचं.

ओळखीच्या ओळखीतून हा गृहस्थ सापडला. फोनवर तासभर बोलला आणि एकही चुकीचं वाक्य बोलला नाही. डोमभोवती फेल्टची कडी लावली की पुढच्या पट्टीवरून उसळणारा आवाज कमी होतो. डोम हलवणाऱ्या कॉइलच्या फटीत फेरोफ्लुइड, म्हणजे मॅग्नेटला धरून राहणारं तेल, भरलं की रेझोनन्स, म्हणजे डोम सहज जास्त थरथरतो ती फ्रिक्वेन्सी, दबतो, कॉइलची उष्णताही मॅग्नेटकडे निघून जाते. पाठीमागे दुसरा मॅग्नेट उलटा चिकटवला की फटीतलं क्षेत्र थोडं वाढतं. हे सगळं खरं आहे आणि मीही ते वाचलेलं होतं, म्हणून तर मान डोलवत राहिलो.

त्याने सुधारणेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन आलेखही पाठवले. आधीचा करवतीच्या दात्यांसारखा, नंतरचा लोण्यासारखा. तेव्हा कडेचे आकडे पाहायला हवे होते. पहिल्यात एक चौकट ५ डेसिबलची होती, दुसऱ्यात २०. वर दुसरा आलेख सरासरी काढून गुळगुळीत केलेला. सगळे उंचवटे जागच्या जागी होते, फक्त चेपलेले. पैसे देऊन झाल्यावर, भिंग लावून पाहिलं तेव्हा हे दिसलं.

ट्वीटर परत आले ते जड होऊन आणि चकचकीत. स्क्रूंवर कडक गोंद, त्यावर चिठ्ठी: खोलल्यास जबाबदारी नाही. आवाज बसल्यासारखा वाटला. फोन केला तर म्हणाला, "सर, चाळीस तास वाजवा, मग आवाज खुलेल." मी रोज चार तास वाजवले. दहा दिवस लागले. तक्रारीची मुदत सात दिवसांची होती. हे गणित माझ्या लक्षात अकराव्या दिवशी आलं!

आणि गंमत म्हणजे, आठव्या दिवशी मला आवाज खरंच खुलल्यासारखा वाटला होता. कान असा पैशाला जागतो.

बाराव्या दिवशी मित्राचा एक ट्वीटर मुका झाला. मल्टिमीटर लावला. आठ ओहमचा ट्वीटर साधारण सहा दाखवतो, याची तार तुटलेली. कारण त्या गृहस्थाच्या सल्ल्यातच होतं. ट्वीटरला न झेपणारे खालचे स्वर अडवायला मी आधी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचो, म्हणजे कट साधारण ४२०० हर्ट्झला. त्याने सांगितलं, "आता १० चा लावा, २००० पासून आरामात चालेल." कागदावर हिशेब बरोबर आहे, पण आठ ओहम धरून. माझ्या ट्वीटरचा रेझोनन्स १२०० हर्ट्झच्या आसपास आणि तिथे तो २५ ओहमपर्यंत चढतो. त्याच जागी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जेमतेम १३ ओहम. म्हणजे अडवायला कोणी नाही, बहुतेक सगळा सिग्नल थेट ट्वीटरवर. फेरोफ्लुइड खरंच असतं तर हा उंचवटा तरी बसला असता.

ते नव्हतं. गोंद खरवडून ट्वीटर उघडला तर फटीत मशीनचं तेल निघालं, धूळ खाऊन चिकट झालेलं. पाठचा दुसरा मॅग्नेट म्हणजे काळा रंग दिलेली लोखंडी चकती. सुटी केल्यावर तिला टाचणीसुद्धा चिकटेना. डोमवरचं 'खास कोटिंग' नखाने खपलीसारखं निघालं, कुठलं तरी कडक लॅकर होतं. एवढ्या डोमचं कॉइलसकट वजन ०.३ ग्रॅमच्या आसपास असतं. त्यावर लॅकरचा थर म्हणजे धावणाऱ्याच्या पाठीवर पोतं. आवाज बसला होता तो असा. फेल्टची कडी तेवढी खरी निघाली, तीही वाकडी चिकटवलेली.

फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, तुमचा अँप्लिफायर मॅच होत नाही." त्यानंतर नंबर लागलाच नाही.

तुम्ही कोणाकडे ट्वीटर देणार असाल तर आधी मॅग्नेटच्या बाजूला खिळ्याने खूण करा. फोनवरून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे टोन सोडा, ट्वीटरच्या मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर लावा आणि मल्टिमीटरवर ट्वीटरचं व्होल्टेज कुठे सर्वात जास्त चढतं आणि किती, ते लिहून ठेवा. साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला घोटाळा करतो, पण १२०० च्या आसपास तुलनेपुरता चालतो. परत आल्यावर हेच करा. फेरोफ्लुइड भरलं असेल तर तो चढाव ठळकपणे खाली आलेला दिसतो. दहा मिनिटांचं काम, आणि गोंद फोडावा लागत नाही. आलेख मागितलात तर दोन्ही एकाच मापात, सरासरी न काढलेले मागा. आणि मुदत संपायच्या आत निकाल लावा, आवाज खुलो वा न खुलो.

उरलेल्या तीन ट्वीटरचं तेल मी जाड कागदाच्या कडेने टिपून काढलं. ४.७ चा कपॅसिटर परत बसवला, दोन रेझिस्टर लावून पातळी ३ डेसिबलने उतरवली, फेल्ट सरळ केला. टाचणी बरीचशी गेली. मित्राला नवा ट्वीटर मी घेऊन दिला. लोखंडी चकत्या त्याने ठेवून घेतल्यात, आणि मी त्याच्या घरी गेलो की चहाचा कप मुद्दाम त्यावरच ठेवतो.