पीटीओवरचा 15 केव्हीए अल्टरनेटर, नऊ महिने वापरून: पुलीच्या एका इंचानं मोटर जाळली

विट्याजवळ आमचा गोठा आहे, बारा गाई. लाईटचा भरवसा नाही, दूध काढायची वेळ काय थांबत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागचा फिरता दांडा) बेल्टनं चालणारा थ्री फेज अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, घेतला. वेगळा जनरेटर घेतला असता तर अजून एक इंजिन सांभाळत बसायचं, ट्रॅक्टर तर दारात उभाच असतो. पहिले दोन महिने भेटेल त्याला सांगत होतो घ्या म्हणून. तिसऱ्या महिन्यात कडबाकुट्टीची 3 एचपी मोटर जळली.

कुट्टी हळू पडतीय, बोअरचं पाणी बारीक येतंय, दुधाच्या मशीनला ओढ कमी, हे सगळं दिसत होतं, पण पॅनेलवरचा व्होल्टमीटर कायम 415 दाखवायचा त्यामुळं शंकाच आली नाही. रिवाइंडिंगवाल्यानं मल्टीमीटर हर्ट्झवर (विजेची फ्रिक्वेन्सी, सेकंदाला किती आवर्तनं होतात ते) लावून बघितलं तर लोडवर 45. पाहिजेत 50.

तेव्हा कळलं की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेरे कमी पडले तरी एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं कार्ड) अल्टरनेटरच्या चुंबकाचा, म्हणजे फील्डचा, करंट वाढवून व्होल्टेज धरून ठेवतो, पण हर्ट्झ फक्त फेऱ्यांवर ठरतात, चार पोलच्या (चुंबकाची चार टोकं असलेल्या) अल्टरनेटरला 50 साठी मिनिटाला 1500 फेरे पाहिजेतच. हर्ट्झ कमी आणि व्होल्टेज तेवढंच राहिलं की मोटरचा लोखंडी कोअर चुंबकत्वानं भरून जातो, करंट जास्त ओढते, तापते, आणि तिचा पंखा शाफ्टवरच असल्यामुळं गार करणारी हवापण कमी. कोयनेच्या 1960 मेगावॉटलाही हे फेरे सांभाळणं चुकलेलं नाही, तिथं लोड वाढला की वेग सांभाळणारा गव्हर्नर टर्बाइनवर पाणी जास्त सोडतो, आमच्या ट्रॅक्टरचा गव्हर्नर डिझेल जास्त सोडतो, एवढाच फरक.

मी आधी विकणाऱ्याशी एव्हीआर खराब दिलास म्हणून लय भांडलो. ते मी मागं घेतो, अल्टरनेटर चांगला आहे, तांब्याचं वायंडिंग आहे, 5 एचपी बोअर स्टार-डेल्टावर (मोटर कमी करंटवर सुरू करणारा स्टार्टर) आरामात उचलतो. चूक निघाली पुलीत. पीटीओ 540 फेरे, अल्टरनेटरची पुली 5 इंच, म्हणजे ट्रॅक्टरकडची 14 इंच पाहिजे, तर 1512 येतात. विकणाऱ्यानं स्टँडवर, म्हणजे ट्रॅक्टरकडच्या बाजूला, 13 ची बसवली होती! 1404 फेरे, म्हणजे लोड टाकायच्या आधीच 46.8, वर बेल्ट घासून चकचकीत झालेले, ते सरकायचे. एव्हीआरमध्ये फेरे पडले की व्होल्टेजपण खाली आणायचा एक स्क्रू असतो, तोपण फार खाली पिळून दिलेला. नाहीतर व्होल्टमीटरनं तरी सांगितलं असतं.

लेथवाल्याकडून 14 ची पुली करून घेतली, जुने बेल्ट आखूड पडले म्हणून तिन्ही एकदम नवीन एकाच मापाचे टाकले (एकच बदलला तर सगळा ताण त्याच्यावर जातो). आता लोड नसताना हँड रेस (हातानं लावायची रेस) 52 हर्ट्झवर लावतो, लोड पडला की बरोबर 50 वर येतो. पहिल्या दिवशी बोअरचं पाणी पाईपातून असं जोरात आलं की मी आणि आमचे अण्णा नुसते बघत उभे राहिलो. सहा महिने झाले, एकही मोटर तापली नाही.

माझं म्हणणं एकच आहे, फ्रिक्वेन्सी मीटर नसलेला पीटीओ सेट घेऊच नका. पॅनेलवर तीन रंगीत दिवे, दोन व्होल्टमीटर, आणि ज्याच्यावर मोटर जगतात तो मीटर नाही, ह्याला काय अर्थ आहे? मी नंतर स्वतः बसवला.

डिझेलचं म्हणाल तर परवडत नाही, खरं सांगतो. लिटरमधून इंजिन चांगल्या लोडवर तीनेक युनिट काढतं, आणि 45 एचपीचं इंजिन 4 किलोवॉटसाठी फिरवलं तर तेवढेपण निघत नाहीत. म्हणून दूध आणि कुट्टी एकाच वेळी उरकतो, बोअर लाईट येईपर्यंत थांबवतो. चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाईट किंवा अल्टरनेटर, एका वेळी एकच जोडणारा) मात्र पहिल्या दिवशीच बसवा, नाहीतर आपली लाईट उलटी डीपीवर (लाईनच्या ट्रान्सफॉर्मरवर) जाते आणि तिथं वायरमन चढलेला असतो. पीटीओच्या शाफ्टवर गार्डपण पाहिजेच, टॉवेल गळ्यात घालून जवळ जाऊ नका.

रिवाइंडिंगचे 2,800 विकणाऱ्याकडं अजून मागतोय. तो म्हणतो तुमच्या ट्रॅक्टरची रेस कमी होती. 13 इंची पुली मी जपून ठेवलीय, परवा तीच घेऊन त्याच्या दुकानात जाणार आहे, टेप लावून दाखवायला.