काम सुटलं, शरीर साथ देत नाही: तहसील, ईएसआय की फंडाची पेन्शन?

कमावता माणूस पुन्हा कामावर जाऊ शकणार नाही हे कळल्यावर घरचे आधी दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागतात, आणि ते मिळालं की सगळीकडे तेच चालेल असं धरून बसतात. गोंधळ तिथेच सुरू होतो. महाराष्ट्रात अशा माणसाला दरमहा पैसे मिळण्याचे मुख्य मार्ग तीन, आणि तिन्हींची मोजपट्टी वेगळी. तहसील कार्यालय बघतं की अपंगत्व किती टक्के आणि घरचं उत्पन्न किती. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, बघतं की कमाईची ताकद किती गेली. भविष्य निर्वाह निधीचं, म्हणजे पीएफ किंवा फंडाचं, कार्यालय बघतं की माणूस जे काम करत होता ते त्याला पुन्हा जमेल की नाही. एका ठिकाणी नाकारलेला माणूस दुसरीकडे पूर्ण पात्र ठरू शकतो.

प्रेस मशीनवर अंगठा गेलेल्या कामगाराचं उदाहरण घ्या. ईएसआयच्या तक्त्यात अख्खा अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान 30 टक्के धरतात. सरासरी रोजची मजुरी 600 रुपये असेल तर त्याचे 90 टक्के म्हणजे 540, आणि त्याचे 30 टक्के म्हणजे रोजचे 162 रुपये. महिन्याला साधारण 4,860 रुपये, तेही आयुष्यभर. याच माणसाच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर 40 टक्के भरले नाहीत तर तहसीलमधून त्याला एक रुपयाही मिळणार नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे जुनी पगाराची स्लिप शोधणं. त्यात ईएसआयची 0.75 टक्के कपात आहे का, पीएफची कपात आहे का, एवढं बघा. दोन्ही नसतील तर तहसीलचाच रस्ता उरतो. काम करताना इजा झाली असेल आणि ईएसआय लागू नसेल, तर मालकाकडून कायदेशीर भरपाई मागता येते. तो दावा वेगळा.

तहसील: संजय गांधी निराधार

ही योजना 1980 पासून आहे. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य, किमान 40 टक्के अपंगत्व आणि दिव्यांग असल्यास कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांपर्यंत. दिव्यांगांना दरमहा 1,500 रुपये मिळत, ऑक्टोबर 2025 पासून ते 2,500 झाले. अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनाचे 300 रुपये त्यात धरतात आणि उरलेली भर राज्य घालतं. अर्ज त्याच कार्यालयात करायचा असतो, त्यामुळे यातलं कोणतं नाव आपल्याला लागू होईल यावर घरात डोकेफोड करू नका.

खरी अडचण 50,000 ची. हे संपूर्ण घराचं वर्षाचं उत्पन्न, म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. घरात एकजण नियमित मजुरीला जात असला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. आमच्या मते ही अट आजच्या महागाईशी पूर्णपणे विसंगत आहे आणि खरोखर गरजू माणसंच तिच्यात अडकतात. पण अर्ज आजच्या नियमावरच तपासला जाणार, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून बघा. त्याच वर्षी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी वेगळ्या आकड्याचा दाखला काढला असेल तर चौकशीत दोन्ही आकडे समोर येतात आणि प्रकरण अडतं.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून सिव्हिल हॉस्पिटल किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80 मध्ये पिवळं, 80 आणि वर निळं. पक्षाघातासारख्या सुधारणा होऊ शकणाऱ्या दुखण्यात सुरुवातीला ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता जास्त. त्यावरची मुदत वहीत लिहून ठेवा, ती संपण्याआधी फेरतपासणीची तारीख घ्या. टक्केवारी कमी लागली असं वाटलं तर 90 दिवसांत अपील करता येतं. पहिल्या तपासणीला सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म घेऊन जा. नुसत्या तोंडी सांगण्यावर डॉक्टर टक्के देत नाहीत.

मंजुरी तालुक्याच्या समितीत होते, म्हणून अर्ज दिल्याची पोच घ्या आणि बैठक कधी लागणार ते विचारत राहा. पैसे डिसेंबर 2024 पासून डीबीटीने, म्हणजे आधार जोडलेल्या खात्यात येतात. अर्जावर एक खातं लिहिलेलं आणि आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं, असं असेल तर रक्कम त्या दुसऱ्या खात्यात जाते आणि घरच्यांना वाटतं पैसे आलेच नाहीत. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकला तरी अनुदान थांबतं.

ईएसआय: कामावरची इजा आणि लांबलेलं आजारपण

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार (दिव्यांग कामगारासाठी 25,000) असलेला कामगार यात येतो. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. घरातून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही कामाशी संबंध दाखवता आला तर धरला जातो. उपचार चालू असेपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात. उपचार संपल्यावर मेडिकल बोर्ड कायमचं नुकसान ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभराचा लाभ सुरू होतो. घरचं उत्पन्न इथे कोणी विचारत नाही. तहसीलच्या तुलनेत हा मोठा फरक.

बिघडतं ते पहिल्या आठवड्यात. अपघात नोंदवहीत चढत नाही, मालक ईएसआयला अपघाताचा अहवाल पाठवत नाही, आणि कामगाराला खाजगी दवाखान्यात नेऊन ‘बिल आम्ही भरतो’ असं सांगितलं जातं. बिल भरलं जातं, पण सहा महिन्यांनी हात निकामी झाल्याचं कळतं तेव्हा तो अपघात कामावर झाला याचा कागदच नसतो. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईएसआय दवाखान्यात नोंद करा आणि मालकाच्या अहवालाची प्रत मागा. ठेकेदाराकडे असाल तर आपला विमा क्रमांक आहे की नाही हे आजच, धडधाकट असतानाच तपासा.

इजा कामावरची नसेल तर आजारपणाचा लाभ आहे: पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. ठरवून दिलेल्या 34 दीर्घ आजारांत तो 80 टक्के होतो आणि 2 वर्षांपर्यंत चालतो, पण त्यासाठी आधीची नोकरी आणि वर्गणीचे दिवस भरावे लागतात. कामाबाहेरच्या इजेमुळे 40 टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली आणि किमान 2 वर्षं वर्गणी भरलेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिलं वर्ष पगाराच्या 50 टक्के आणि दुसरं वर्ष 25 टक्के भत्ता आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.

फंडाची पेन्शन: ईपीएस-95 (कर्मचारी पेन्शन योजना)

‘दहा वर्षं भरली नाहीत, पेन्शन नाही’ हे वाक्य अपंगत्वाला लागू नाही. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन फंडात एक महिन्याची वर्गणीही पुरते. वैद्यकीय तपासणीत तुम्ही तेव्हा करत असलेल्या कामासाठी कायमचे असमर्थ आहात हे ठरावं लागतं. हिशेब असा: पगार (कमाल 15,000) गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार 15,000 आणि सेवा 6 वर्षं असेल तर 1,286 रुपये. 3 वर्षंच असतील तर 643 येतात, पण किमान पेन्शन 1,000 असल्याने 1,000 मिळतात. रक्कम लहान आहे, पण ती आयुष्यभर चालते आणि नंतर जोडीदाराला विधवा-विधुर पेन्शनचा आधार राहतो.

इथल्या दोन चुका महागात पडतात. घरात पैशांची चणचण असते म्हणून कोणीतरी 10-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे एकरकमी काढतं, आणि ते काढले की पेन्शनचा हक्क संपतो. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी 10-डी भरायचा, 10-सी नाही. पीएफची शिल्लक काढणं वेगळं, त्याने पेन्शनला धक्का लागत नाही. दुसरी चूक राजीनाम्याची. कंपनीच्या सांगण्यावरून ‘वैयक्तिक कारण’ लिहून राजीनामा दिला आणि अपंगत्वाचे कागद नोकरी सोडल्याच्या तारखेनंतरचे निघाले, तर ‘नोकरीत असताना’ ही अटच तुटते. आधी वैद्यकीय कागद आणि तपासणी, मग राजीनामा. सरकारी आस्थापनेत तर अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 तसं सांगतं. तिथे राजीनाम्याच्या कागदावर सही करूच नका.

दोन्ही कपाती असलेल्या माणसाने क्रम असा ठेवावा: ईएसआयची नोंद लगेच, 10-डी नोकरी चालू असताना, आणि यूडीआयडीची नोंदणी त्याच महिन्यात, कारण तारीख मिळायला वेळ लागतो. तहसीलचा अर्ज शेवटी, आणि त्यात ईएसआय किंवा फंडाचे जे पैसे सुरू झाले असतील ते उत्पन्नात दाखवूनच करा. फंडाचे 1,000 म्हणजे वर्षाचे 12,000, त्यामुळे 50,000 च्या आत उरतात 38,000.