जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : सिस्टीम झकास, अडचण बाहेरचीच

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या किंवा जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणजे घरोघरचे चांगले चालू असलेले लॅपटॉप उगाच भंगारात निघणार. आमच्याकडच्या तसल्याच एका ४ जीबी रॅमवाल्यावर लिनक्स मिंट २२ टाकलंय, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातलं एक्सएफसीई वालं, हलक्या डेस्कटॉपचं. बाबा आणि मी दोघंही तोच वापरतो.

सिस्टीमला नावं ठेवायला जागा नाही. हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. अपडेट २०२९ पर्यंत मिळणार, फुकट. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) सेटिंगमध्येच आहे, फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी हवं तर आयबस या टायपिंगच्या सोयीचं एम१७एन पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, जुन्या नोटिसा आणि मीटिंगची इतिवृत्तं सगळी श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली. लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर) फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, कारण हे फॉन्ट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेत. फॉन्टची फाइल आणून टाकली की वाचता येतं, प्रिंटही निघते, पण त्यात नवीन टाइप करायचं म्हटलं की अडलं. शेवटी कन्व्हर्टरनं युनिकोड करून घेतलं, तरी रफार आणि जोडाक्षरं एकेक ओळ बघूनच घ्यावी लागतात.

प्रिंटरचं पण तसंच. आमचा स्वस्तातला लेझर प्रिंटर सगळं काम कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरवर ढकलणारा, आणि कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर नवीन व्हर्जनवर चालतच नाही. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र एचपीलिप या एचपीच्याच लिनक्स ड्रायव्हरमुळे लगेच ओळखले जातात, त्यामुळे प्रिंटर घ्यायच्या आधी नेटवर मॉडेल नंबर टाकून बघाच. हिशोबाचं टॅली प्राइम विंडोजचंच सॉफ्टवेअर, वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या खटपटीत धंद्याचे हिशोब घालू नका.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण माणसांची आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे एमएस-सीआयटी, तिथं विंडोज आणि एमएस ऑफिस, दुकानातला लॅपटॉप विंडोज टाकूनच येतो, आणि बिघडला की रिपेअरवाला स्क्रीन बघून पहिलं वाक्य काय बोलतो, तर 'विंडोज मारून देतो'. त्याला तरी कुणी शिकवलंय? मिंट कितीही चांगलं असलं तरी गल्लीत विचारायला कुणी नसेल तर साधा माणूस कशाच्या भरवशावर वापरणार, हे मला मनापासून खटकतं.

बँकेच्या साइट, यूट्यूब, पत्रं, पीडीएफ एवढंच काम असेल तर बिनधास्त टाका, पाचपैकी चार स्टार. आईवडिलांच्या लॅपटॉपवर मिंट टाकणार असाल तर सुरुवातीचे काही महिने त्यांचा फोन तुम्हालाच उचलावा लागेल, तेवढा वेळ असेल तरच हात घाला.